चवथीच्या दूर्वा आणि एकविसाचा पाठ
(इयत्ता पहिली व दुसरीच्या शिक्षकांसाठी)

‘एकवीस’ म्हणताना एक आधी ऐकू येतो. म्हणून पुष्कळ मुले पाटीवर १२ लिहितात. हा मुलाचा निष्काळजीपणा नव्हे. त्यास रागावण्याऐवजी संख्या हाताळावयास द्यावी. गोव्यात चवथीच्या दिवसांत हे सहज साधते. गणपतीस २१ दूर्वा वाहतात, हे बहुतेक मुलांना ठाऊक असते.

साहित्य : प्रत्येकी २१ चिंचोके व दोरा.

कृती : प्रथम तीन-तीनांचे गट करावयास सांगावे, ७ गट होतील. मग सात-सातांचे; ३ होतील. पाच-पाचांचे केल्यास ४ गट होऊन १ चिंचोका उरेल. भागाकारातील ‘बाकी’ ती हीच. शेवटी दहा-दहांचे गट करून त्यांभोवती दोऱ्याचे कडे ठेवावे. कडी २, सुटा १. आता मुलांनी कडी डावीकडे व सुटा उजवीकडे मांडून त्याखाली अंक लिहावेत : २१. नंतर १२ चिंचोके शेजारी मांडून फरक पाहावा.

नाताळात हाच पाठ पाच टोकांच्या कागदी ताऱ्यांवर घ्यावा : ४ ताऱ्यांची टोके २०. सण सरतो, हाताने मोजलेली संख्या मुलापाशी राहते.