सावड : शेतातील आणि संगणकावरील

भाताच्या लावणीचे दिवस आले, की एकमेकांच्या शेतात राबावयास जाण्याची रीत आपल्याकडे पूर्वापार चालत आली आहे. मराठी मुलखात तिला कोठे सावड म्हणतात, कोठे इर्जिक. आज तुमचे शेत, उद्या आमचे. ज्याचे शेत त्याने सर्वांना जेवू घालावे, एवढाच तिचा मोबदला. विद्यार्थिमित्रहो, हीच रीत आज संगणकाच्या क्षेत्रातही नांदत आहे, हे ऐकून पुष्कळांस नवल वाटेल. तिचाच थोडा परिचय आपण येथे करून घेऊ.

संगणकाला दिलेल्या आज्ञांच्या लिखाणास आज्ञावली म्हणतात. काही आज्ञावलींचे मूळ लिखाण त्यांचे मालक कुलपात ठेवतात. परंतु काहींचे लिखाण सर्वांसाठी खुले असते. ते कोणीही वाचावे, सुधारावे आणि दुसऱ्यास द्यावे, अशी त्यांच्या कर्त्यांचीच अनुज्ञा असते. ही मुक्त आज्ञावली होय. अमेरिकेतील रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली या कार्याची घोषणा केली. आणि १९९१ साली लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने 'लिनक्स' जगापुढे ठेवले. तेव्हा तो अवघा एकवीस वर्षांचा होता.

असे काम करणारे लोक बहुधा दूरदूर राहतात. म्हणून अधूनमधून एका ठिकाणी जमून, नेमलेले काम नेटाने पार पाडण्याची प्रथा पडली. १९९९ च्या जून महिन्यात 'ओपनबीएसडी' या प्रणालीचे दहा कार्यकर्ते कॅनडातील कॅलगरी येथे जमले. गुप्तलेखनाच्या आज्ञावली देशाबाहेर पाठविण्यावर त्या काळी अमेरिकेच्या कायद्याची बंधने होती, म्हणून त्यांनी कॅनडाची भूमी निवडली. अशा मेळ्यास पुढे 'हॅकेथॉन' किंवा 'स्प्रिंट' ही नावे रूढ झाली.

आता कोणी विचारील, या गोष्टींचा आपल्या पेडणे-डिचोलीशी काय संबंध? हळर्णचेच उदाहरण घेऊ. १७४६ साली पोर्तुगीजांनी शापोरा नदीकाठचा हळर्णचा किल्ला घेतला आणि त्या विजयाबद्दल त्यांच्या व्हाइसरॉयास १७४८ साली 'आलोर्नाचा मार्क्विस' ही पदवी मिळाली. आपल्या गावाचे नाव असे पोर्तुगालपर्यंत पोहोचले खरे. पण वाटेत त्यातला 'ह' गळाला आणि 'ळ' चा 'ल' झाला!

हेच नाव संगणकावर पाहा. डोळ्यांस अक्षरे तीन दिसतात. संगणकाच्या पोटात मात्र ह, ळ, र, हलन्ताचे चिन्ह आणि ण अशी पाच चिन्हे असतात. 'र' आधी लिहिला जातो, पण त्याचा रफार 'ण' च्या डोक्यावर चढला पाहिजे. आज्ञावली सदोष असेल, तर तो 'र' पाय मोडून शेजारीच पडतो. 'युनिकोड' या जागतिक संकेतात देवनागरीस १९९१ पासून स्थान आहे. तरी मराठीतल्या 'ॲ' या अक्षरास स्वतंत्र क्रमांक मिळावयास २००८ साल उजाडावे लागले. तोवर 'अ' वर चंद्र जोडून काम भागवावे लागे. असे दोष परदेशातील निष्णातास दिसणे कठीण. ते मराठी वाचणाऱ्यालाच दिसतात. म्हणजे या सावडीत आपल्या हातांची खरोखरच गरज आहे.

समजा, हळर्णमध्ये एका रविवारी अशी सावड घालावयाची आहे. तर प्रथम काम निवडावे, आणि ते दिवसभरात पुरे होईल इतके लहान असावे. त्या आज्ञावलीचा सांभाळ करणाऱ्यांना आधी पत्राने विचारावे. न विचारता दुसऱ्याच्या शेतात औत घालू नये. लागणारे साहित्य आदल्या दिवशीच प्रत्येक यंत्रावर उतरवून घ्यावे. कारण पावसाळ्यात वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो. जाणत्याजवळ एकेक नवखा बसवावा.

सर्वांनीच आज्ञा लिहिल्या पाहिजेत असे नाही. कोणी पडद्यावरील शब्दांचे मराठी करावे. तत्पूर्वी शब्दांची यादी ठरवावी. नाही तर एकाच क्रियेला एक जण 'जतन करा' म्हणेल, तर दुसरा 'साठवा'. कोणी घरच्या आजी-आजोबांना ते वाचावयास द्यावे. आजी जेथे अडखळेल, तेथे दोष आपला आहे असे समजावे आणि तीन गोष्टी टिपाव्यात : आपण काय केले, काय घडावयास हवे होते आणि प्रत्यक्षात काय घडले. अशी नीट टिपणे हीदेखील मोठी सेवाच आहे.

येथे एक सावधगिरीची सूचना द्यावीशी वाटते. 'हॅक्टोबरफेस्ट' या जागतिक उपक्रमात ठरावीक संख्येने सुधारणा पाठविणाऱ्यास सदरा भेट मिळत असे. २०२० साली त्या सदऱ्याच्या लोभाने असंख्यांनी निरर्थक बदल पाठविले आणि बिचारे सांभाळकर्ते ते निस्तरता निस्तरता बेजार झाले. अखेर, ज्यांनी स्वतःहून संमती दिली त्यांच्याच कामांपुरता तो उपक्रम मर्यादित करावा लागला. बक्षिसावर डोळा ठेवून केलेली सेवा दुसऱ्यास भार होते, हा त्यातला बोध.

लावणी झाली म्हणजे शेती संपली असे नाही. पुढे पाणी राखावे लागते, तण काढावे लागते. तसेच आपण पाठविलेल्या कामावर शंका येतील, दुरुस्त्या सुचविल्या जातील. त्यांना उत्तर देण्यासाठी गावातील दोघा-तिघांनी तरी पुढे महिनोन्महिने जागे राहिले पाहिजे. एवढे आपण केले, तर आपल्या गावाचे नाव 'ह' आणि 'ळ' यांसह, डोक्यावर रफार मिरवीत जगभर वाचले जाईल. आणि ते तसे लिहिणारे हात आपलेच असतील.