गप्प केबलही जिवंत असते

जमिनीखालच्या वाहिन्या शोधण्याच्या कामात माझी बरीच वर्षं पुणे आणि आसपासच्या रस्त्यांवर गेली. खोदाईच्या जागी मला सगळ्यात जास्त धास्ती वाटते ती एकाच वाक्याची: ‘मशीन फिरवलंय साहेब, खाली काही नाही.’

एका उपनगरात ड्रेनेजची चर याच वाक्याच्या भरवशावर सुरू झाली होती. आमचं काम पुढच्या टप्प्यात होतं, म्हणून मी तिथे हजर होतो. जेसीबी थांबवून कडेची माती पहारीने मोकळी करताना पहार थेट उच्चदाबाच्या केबलमध्ये घुसली. मोठा आवाज, डोळे दिपवणारा जाळ, आणि पहार धरणाऱ्या तरुणाचे हात न् चेहरा भाजलेला. तो वाचला, पण त्या हातांना पुन्हा पहार पेलली नाही.

लोकेटर खरंच फिरवला होता, पण फक्त ‘पॉवर मोड’वर. या मोडवर यंत्र ५० हर्ट्झच्या विजेच्या प्रवाहाभोवतीचं चुंबकीय क्षेत्र टिपतं. ती केबल पर्यायी फीडरची होती. तिच्यात दाब पूर्ण होता, पण भार नव्हता; त्यामुळे प्रवाह नाही आणि यंत्रावर आवाजही नाही. तिन्ही फेजवरचा भार समतोल असला, तरी त्यांची क्षेत्रं एकमेकांना बरीचशी खोडून काढतात आणि भरलेली केबलही क्षीण ऐकू येते. म्हणून पॉवर मोडवर आवाज आला तर तो गंभीरपणे घ्यावा, आणि नाही आला तर त्यावरून कोणताही निष्कर्ष काढू नये.

खरा शोध ट्रान्समीटर लावल्यावर सुरू होतो. हा डबा वाहिनीवर आपला स्वतःचा सिग्नल चढवतो आणि हातातला रिसीव्हर त्याचा माग काढतो. सिग्नल चढवण्याचे मार्ग तीन. थेट जोडणी सर्वात स्वच्छ, पण विजेच्या केबलवर ती वीज कंपनीच्या माणसानेच करायची. दुसरा मार्ग केबलभोवती क्लॅम्प बसवण्याचा. तिसरा वरूनच सिग्नल सोडण्याचा, म्हणजे इंडक्शनचा. तो सोपा असल्याने सगळे तोच वापरतात आणि शेजारच्या वाहिन्यांवर सिग्नल उडी मारून सर्वाधिक फसगतही त्यातच होते. फ्रिक्वेन्सीचंही तसंच. कमी फ्रिक्वेन्सीचा सिग्नल एकाच वाहिनीवर लांबवर टिकतो. ३३ किलोहर्ट्झ किंवा त्याहून वरचा सहज चढतो, पण शेजारी पसरतो.

ऑपरेटरकडून एक गोष्ट मुद्दाम करून घ्या. वाहिनीची जागा ‘पीक’ म्हणजे सिग्नल सर्वात मोठा येण्याच्या पद्धतीने आणि मग ‘नल’ म्हणजे तो सर्वात लहान होण्याच्या पद्धतीने दाखवायला सांगा. दोन्ही खुणा एकमेकींवर आल्या नाहीत, तर तिथलं क्षेत्र विस्कटलेलं आहे आणि पडद्यावरचा खोलीचा आकडा बेभरवशाचा आहे. आकडा बरोबर असला, तरी तो वाहिनीच्या मध्यापर्यंतचा असतो. मोठ्या पाइपचा माथा त्याच्या बराच वर असतो.

प्लॅस्टिकची गॅसवाहिनी किंवा पीव्हीसी पाइप या लोकेटरला दिसतच नाही. सोबत ट्रेसर वायर टाकलेली असेल तरच माग लागतो. ती नसेल तिथे जीपीआर, म्हणजे जमिनीत रेडिओलहरी सोडणारा रडार, कामाला येतो. त्याच्या पडद्यावर पाइप पालथ्या वाटीसारखा दिसतो; मात्र तो पाण्याचा की गॅसचा, हे रडार सांगत नाही. कोरड्या मुरमात तो चांगला चालतो. आपल्या ओल्या काळ्या मातीत लहरी इतक्या शोषल्या जातात की मीटरभर खालचंही दिसेनासं होतं. पावसाळ्यात काढलेला ‘निरंक’ जीपीआर अहवाल मी तरी स्वीकारत नाही.

ब्रिटनमध्ये २०१४ मध्ये प्रथम आलेल्या पास १२८ या मानकातली प्रतवारी इथेही उपयोगी पडते. ‘डी’ म्हणजे फक्त जुने नकाशे. ‘सी’ म्हणजे चेंबर, झाकणं, खांब यांची जागेवर पाहणी. ‘बी’ म्हणजे यंत्राने घेतलेला शोध आणि ‘ए’ म्हणजे हाताने खड्डा घेऊन डोळ्यांनी केलेली खात्री. आपल्याकडे ‘डी’ दर्जाचा नकाशा हातात घेऊन ‘ए’ दर्जाच्या विश्वासाने खोदतात. आयएस १२५५ प्रमाणे ११ केव्हीची केबल ९० सेंटिमीटर खाली हवी, पण रस्ता खरवडला गेला की तीच केबल वर आलेली असते.

केंद्र सरकारचं ‘कॉल बिफोर यू डिग’ हे ॲप मार्च २०२३ मध्ये सुरू झालं. खोदाईची सूचना त्यातून वाहिन्यांच्या मालकांपर्यंत पोहोचवता येते. ती द्याच, आणि वीज व गॅस कंपनीचा माणूस जागेवर बोलवा.

तुमच्या सोसायटीसमोर किंवा साइटवर खोदाई सुरू होणार असेल, तर ठेकेदाराला विचारा: कोणत्या मोडवर शोधलं, ट्रान्समीटर कुठे जोडला, खात्रीचे खड्डे कुठे घेतले? उत्तरं नकाशावर लिहून घ्या, आणि ती हातात येईपर्यंत ना जेसीबी चालू द्या, ना कुणाच्या हाती पहार देऊ द्या.