इराणी म्हणजे नेमके कोण?

प्रश्न : डहाणू-तलासरीचा छोटा माहितीकोश करतो आहोत. एका चिकूबागायतदारांच्या नोंदीत आम्ही 'इराणी' लिहिले. मुद्रितशोधकाने त्याचे 'राष्ट्रीयत्व : इराणी' केले. काय छापावे?

उत्तर : मुद्रितशोधकाला बोल लावू नका, शब्दच फसवा आहे. घोलवड-बोर्डीकडचे इराणी म्हणजे मुख्यतः एकोणिसाव्या-विसाव्या शतकांत यझ्द, केरमानकडून आलेल्या झरथुष्ट्री कुटुंबांचे वंशज. आज ते भारतीय नागरिक. तेहरानचा पासपोर्ट घेऊन आलेला पाहुणाही इराणीच! म्हणून रकाने वेगळे करा. 'नागरिकत्व : भारतीय, समाज : झरथुष्ट्री इराणी.' पाहुण्यापुढे 'इराणचे नागरिक'. नुसते 'इराणी' फक्त आडनावात चालेल.

सोय म्हणून त्यांना 'पारशी' करू नका. धर्म एकच, पण पारशांचे पूर्वज कित्येक शतके आधी, तलासरीला लागून असलेल्या गुजरातेतल्या संजाणला उतरले, अशी परंपरा सांगते. बोर्डीजवळचा बहरोटचा डोंगर त्याच इतिहासातला. 'फारसी' ही तर भाषा. शिवाय 1935 साली इराण सरकारने परदेशांना 'पर्शिया'ऐवजी 'इराण' म्हणायला सांगितले. त्याआधीच्या इंग्रजी कागदांत 'पर्शियन' दिसले, तर मूळ शब्द तसाच ठेवून पुढे खुलासा द्या.

जाता जाता : 'वारली' ही जमात, भाषा आणि चित्रशैलीही. तिथेही तीन स्वतंत्र नोंदी लागतील. आणि कोणत्याही कुटुंबाची नोंद छापण्याआधी त्यांना एकदा वाचून दाखवा.