न्यायालयांची संगणक प्रणाली आणि ‘पहिल्या प्रक्रिये’ची निवड

लखनौच्या जिल्हा न्यायालयात आज नोंदवलेला जमिनीचा दावा कदाचित वीस वर्षे चालेल. तोवर संगणक अनेकदा बदलतील. नोंद मात्र वाचता आलीच पाहिजे. ई-न्यायालये प्रकल्पात सर्वोच्च न्यायालयाच्या ई-समितीने मुक्त स्रोत प्रणालींचा, त्यातही उबंटू लिनक्सचा, अंगीकार केला त्यामागे हा विचार महत्त्वाचा आहे. खटल्यांची माहिती ठेवणारी ‘सीआयएस’ ही आज्ञावली राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने पुण्यात विकसित केली. ‘मुक्त म्हणजे फुकट’ असे उत्तर परीक्षेत हमखास लिहिले जाते. ते अपुरे आहे. स्रोत तपासण्याचा, बदलण्याचा व वाटण्याचा अधिकार हा त्याचा गाभा होय.

या अधिकाराची कसोटी ‘इनिट’च्या वादात लागली. संगणक सुरू होताच प्रणालीचा गाभा, म्हणजे कर्नल, जी पहिली प्रक्रिया चालवतो ती इनिट. तिचा क्रमांक १. इतर सर्व सेवा तीच सुरू करते. जुन्या ‘सिस्व्ही इनिट’मध्ये सेवा लिपींच्या साहाय्याने बहुधा एकामागून एक सुरू होत. उबंटूने २००६ मध्ये घटनाधारित ‘अपस्टार्ट’ आणले आणि २०१५ मध्ये ‘सिस्टमडी’ स्वीकारले. २०१० साली अवतरलेली सिस्टमडी अनेक सेवा एकाच वेळी सुरू करते, बंद पडलेली सेवा पुन्हा उभी करते. परंतु नोंदवही, लॉगिन, नेटवर्क अशी कामेही तिच्या परिवारात आली. तिची नोंदवही साध्या मजकुरात नसते. ती वाचण्यास स्वतंत्र साधन लागते. आक्षेप मुख्यतः या केंद्रीकरणावर होता.

२०१४ मध्ये डेबियनच्या तांत्रिक समितीत मते समसमान पडली आणि अध्यक्षांच्या निर्णायक मताने सिस्टमडीची निवड झाली. असंतुष्टांनी ‘देवुआन’ ही शाखा काढली. तिची पहिली स्थिर आवृत्ती २०१७ मध्ये आली. आपल्या सी-डॅकची ‘बॉस’ प्रणाली डेबियनवरच आधारलेली असल्याने हा वाद परका नाही.

मग कार्यालयाने काय निवडावे? ओपनआरसी किंवा रनिट यांची रचना आटोपशीर असते. एखाद्या सर्व्हरवर सेवा मोजक्या असतील आणि त्या लिपी वाचणारा तंत्रज्ञ जवळ असेल, तर ती योग्यच. शेकडो न्यायालयांत एकच प्रणाली सांभाळायची असेल, तर मुख्य प्रवाहातील, दीर्घकाळ सुरक्षा-सुधारणा मिळणारी आवृत्ती प्रस्तुत लेखकास अधिक सोयीची वाटते. पर्यायी इनिट घेताना मुद्रकापासून विदागारापर्यंत प्रत्येक सेवा त्यावर चालते की नाही, हे आधी एका संगणकावर तपासून घ्यावे लागते. एरवी सोमवारी सकाळी पक्षकार खिडकीशी उभे असतात आणि पडदा काळाच राहतो.