पहिला करार: आकडा कोटीचा, हातात किती?

फेब्रुवारी 2022 मध्ये आयपीएलच्या लिलावात तुळजापूरच्या राजवर्धन हंगरगेकरचं नाव पुकारलं गेलं. मूळ किंमत 30 लाख होती, चेन्नई सुपर किंग्जने दीड कोटी मोजले. त्याच महिन्यात भारताने 19 वर्षांखालील विश्वचषक जिंकला होता आणि राजवर्धन त्या संघात होता. धाराशिव जिल्ह्यात मुलाला मैदानावर घालायचं म्हटलं की हा आकडा आठवतोच. तो ठरतो कसा, त्यातले हातात किती पडतात आणि सहीआधी काय पाहायचं, याचा हा हिशेब.

नवख्यांचा भाव का चढला?

पहिलं कारण म्हणजे पैसा वाढला. आयपीएलच्या 2018 ते 2022 या पाच हंगामांचे प्रक्षेपण हक्क 16,347 कोटींना गेले होते, पुढच्या पाच हंगामांचे 48,390 कोटींना गेले. संघाला खेळाडूंवर खर्च करायची मर्यादा 2022 मध्ये 90 कोटी होती, ती 2025 मध्ये 120 कोटी झाली.

दुसरं कारण, खेळाडू त्या प्रमाणात वाढले नाहीत. अकरा जणांत परदेशी जास्तीत जास्त चार, म्हणजे किमान सात भारतीय हवेतच. 2022 पासून संघ आठाचे दहा झाले. 2023 मध्ये इम्पॅक्ट प्लेअरचा, म्हणजे सामना सुरू असताना बदली खेळाडू उतरवण्याचा नियम आला आणि आणखी एका भारतीय खेळाडूची गरज पडली. नावाजलेल्यांना संघ आधीच राखून ठेवतात. उरलेल्यांत वेगवान मारा करणारा किंवा शेवटच्या षटकांत षटकार ठोकणारा एखादा तरुण निघाला, की दोन संघ हट्टाला पेटतात. डिसेंबर 2025 च्या लिलावात प्रशांत वीर आणि कार्तिक शर्मा या नवख्यांची मूळ किंमत प्रत्येकी 30 लाख होती. चेन्नईने त्यांच्यासाठी प्रत्येकी 14 कोटी 20 लाख मोजले. महिलांच्या लीगमध्ये डिसेंबर 2024 ला धारावीच्या सिमरन शेखची बोली 10 लाखांवरून 1 कोटी 90 लाखांवर गेली.

अमेरिकी फुटबॉलने हे आधी अनुभवलं आहे. 2010 मध्ये सॅम ब्रॅडफर्डला एकही व्यावसायिक सामना खेळण्याआधी सहा वर्षांसाठी 7 कोटी 80 लाख डॉलरचा करार मिळाला. जुन्या खेळाडूंनाही ते पटलं नाही. लीग आणि खेळाडू संघटना यांच्यातल्या 2011 च्या नव्या करारनाम्यात नवख्यांसाठी वेतनाची पायरी बांधून दिली गेली. त्या वर्षी नवख्यांच्या निवडीत पहिल्या क्रमांकावर घेतलेल्या कॅम न्यूटनला चार वर्षांचे सुमारे 2 कोटी 20 लाख डॉलर मिळाले. आयपीएलमध्ये नवख्यांसाठी अशी पायरी नाही. मूळ किंमत ठरते, पुढे बोली नेईल तिकडे भाव जातो, आणि पुढच्या लिलावात तो खालीही येतो. राजवर्धनने 31 मार्च 2023 ला आयपीएलच्या पहिल्याच सामन्यात गुजरातचे तीन बळी घेतले, तरी नोव्हेंबर 2024 च्या लिलावात लखनौने त्याला 30 लाखांना घेतलं. म्हणून हे आकडे टंचाईचा भाव म्हणून वाचा. ते मुलाच्या गुणवत्तेचं मोजमाप नव्हेत.

कुठे किती मिळतं?

- आयपीएल: सर्वात कमी मूळ किंमत 30 लाख, एका हंगामासाठी. 2025 पासून प्रत्यक्ष खेळलेल्या प्रत्येक सामन्याचे वेगळे साडेसात लाख.
- महिला प्रीमियर लीग: मूळ किंमत 10 लाखांपासून.
- रणजी करंडक: अकरा जणांतल्या नव्या खेळाडूला दिवसाला 40 हजार, म्हणजे चार दिवसांच्या सामन्याचे 1 लाख 60 हजार.
- प्रो कबड्डी: लिलावातल्या ‘ड’ गटाची मूळ किंमत 9 लाख.
- अल्टिमेट खो-खो, पहिला हंगाम (2022): गटानुसार 5 लाख, 3 लाख, दीड लाख आणि 1 लाख.

हातात किती उरतात?

नव्या करप्रणालीच्या 2025-26 च्या दरांनी, कोणताही खर्च वजा न करता, दीड कोटींवर अधिभार आणि उपकर धरून सुमारे 48 लाख 80 हजार कर बसतो. हातात एक कोटीच्या आसपास उरतात. 30 लाखांवर सुमारे 5 लाख कर जातो, 25 लाख उरतात.

मानधन देताना साधारण 10 टक्केच टीडीएस कापला जातो. बाकीचा कर जून, सप्टेंबर, डिसेंबर आणि मार्चच्या 15 तारखांपर्यंत आगाऊ भरावा लागतो. खात्यात आलेली सगळी रक्कम आपली समजून घर किंवा गाडी घेतली, तर मार्चमध्ये कर्ज काढून कर भरायची वेळ येते. उलट खो-खोच्या 5 लाखांवर, दुसरं मोठं उत्पन्न नसेल तर, कर लागत नाही. विवरणपत्र भरून कापलेला टीडीएस परत घ्यावा. जीएसटी लागतो का, ते सीएला विचारा.

खर्चाची बाजूही मांडा. पुण्यात खोली, मेस, अकादमीची फी, गहुंजेच्या मैदानापर्यंतच्या खेपा, बूट, बॅट, दुखापतीचे उपचार: बारा महिन्यांचा हिशेब वहीत लिहा आणि तो किती वर्षं झेपेल ते आधीच ठरवा. त्यासाठी शेत विकू नका.

सही करण्याआधी

1. रक्कम हंगामाची आहे की पूर्ण मुदतीची, हे पाहा. आयपीएलच्या बोलीचा आकडा एका हंगामाचा असतो आणि संघ पुढच्या वर्षी खेळाडूला मोकळं करू शकतो.
2. हप्ते केव्हा मिळणार, दुखापत झाली तर मानधन आणि उपचारांचं काय, हे कलम वाचून घ्या.
3. 1872 च्या करार कायद्यानुसार 18 वर्षांखालील मुलाला स्वतः करार करता येत नाही. पालकांनी वकिलाला दाखवूनच सही करावी.
4. एजंटची टक्केवारी आणि मुदत लेखी ठरवा. अमेरिकी फुटबॉलमध्ये खेळाडूच्या करारावर एजंटला 3 टक्क्यांहून जास्त घेता येत नाही. बोलणी करताना हा आकडा ध्यानात असू द्या.
5. निवडीसाठी पैसे मागणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका.

लीगपलीकडचा करार

धाराशिव जिल्ह्याचं नाव खो-खोने मोठं केलं आहे. सारिका काळे 2016 च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकणाऱ्या भारतीय संघाच्या कर्णधार होत्या, 2020 मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला आणि तुळजापुरात त्या क्रीडा अधिकारी झाल्या. महाराष्ट्राच्या शासकीय नोकऱ्यांत पात्र खेळाडूंसाठी 5 टक्के आरक्षण आहे. ते मिळवायला स्पर्धांची प्रमाणपत्रं, त्यांची पडताळणी आणि शिक्षण लागतं. लीगचा करार दोन-तीन हंगामांत संपू शकतो, नोकरी निवृत्तीपर्यंत टिकते. म्हणून मुलाला खेळू द्या, पण त्याची दहावी-बारावी आणि पदवी चुकवू नका, आणि प्रत्येक स्पर्धेचं प्रमाणपत्र त्याच दिवशी फाइलला लावा.