पासष्ट मिनिटांचा हट्ट : नेली मॅके आणि व्होडव्हिलचं गाणं

नेली मॅकेकडे वळण्याआधी व्होडव्हिल म्हणजे काय ते बघू, नाहीतर तिच्या गाण्यांचा तऱ्हेवाईकपणा नुसताच तऱ्हेवाईक वाटेल. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अमेरिकेत हा मिश्र करमणुकीचा खेळ जोरात होता. आधी कसरतवाला, मग गाणारी बाई, मग विनोदी जोडी, मग शिकवलेले कुत्रे. एकाचा दुसऱ्याशी काही संबंध नाही. १८८१ मध्ये टोनी पास्टरने न्यूयॉर्कच्या चौदाव्या रस्त्यावर बायकामुलांना घेऊन जाता येईल असा सभ्य खेळ सुरू केला, तिथून याची भरभराट झाली. बोलपट आणि रेडिओ आले तसा तो ओसरला. ब्रॉडवेचं नामांकित पॅलेस थिएटरसुद्धा १९३२ मध्ये सिनेमाकडे गेलं.

आपल्याला हे फार परकं नाही. तियात्रात प्रवेशांच्या मध्ये कांतारां येतात. गोष्ट तिकडे थांबते आणि गायक इकडे पुढाऱ्यांना चिमटे काढून जातो. फरक एवढाच की तियात्राला मागे एक कथा असते, व्होडव्हिलला तीही नाही.

नेली मॅके जन्माने लंडनची, वाढली मुख्यतः अमेरिकेत. मॅनहॅटन स्कूल ऑफ म्युझिकमधलं शिक्षण तिने अर्धवट सोडलं आणि न्यूयॉर्कच्या छोट्या क्लबांत पियानोवर बसून गाऊ लागली. २००४ मध्ये कोलंबिया कंपनीने तिचा पहिला अल्बम काढला, ‘गेट अवे फ्रॉम मी’. नावातच नोरा जोन्सच्या गाजलेल्या ‘कम अवे विथ मी’ला टोमणा. ध्वनिमुद्रणाची सूत्रं बीटल्सबरोबर काम केलेल्या जेफ एमरिककडे होती. अठरा गाणी एका तबकडीवर सहज मावली असती, पण तिला दोनच हव्या होत्या. जुन्या रेकॉर्डला कशा दोन बाजू असायच्या, तसं मध्यंतर पाहिजे! आवाज जुन्या काळच्या गोड नायिकेचा, आणि शब्द मात्र चावरे. अधूनमधून चक्क रॅप.

साहित्याच्या विद्यार्थ्याने इथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. गाण्यातला ‘मी’ म्हणजे गायिका नव्हे. ‘मदर ऑफ पर्ल’ हे तिचं गाणं घ्या. स्त्रीवादी बायकांना विनोद कळत नाही अशी तक्रार करणाऱ्याचीच भाषा ती तोंडात घेते आणि इतक्या लाडिकपणे गाते, की तक्रार आपोआप उघडी पडते. कुठेही भाषण नाही. आपण वर्गात नाट्यात्म एकभाषित शिकतो ना, तेच हे, फक्त युकुलेलेवर.

आता भांडण. दुसरा अल्बम ‘प्रिटी लिटल हेड’ तिने तेवीस गाण्यांचा, पासष्ट मिनिटांचा केला. कंपनीला सोळा गाणी आणि अठ्ठेचाळीस मिनिटं हवी होती. ती हटली नाही. कंपनीशी संबंध तुटला आणि २००६ मध्ये तिने तो स्वतःच्या ‘हंग्री माउस’ या लेबलवर काढला, तेवीसच्या तेवीस गाण्यांसह.

मी तो दोनदा पूर्ण ऐकला. खरं सांगायचं तर चार-पाच गाणी अगदीच किरकोळ आहेत, कंपनीचं गणित काही वेडगळ नव्हतं. पण व्होडव्हिलच्या कार्यक्रमपत्रिकेत पहिला क्रमांक मुद्दाम बिनशब्दांच्या खेळाला देत, उशिरा येणाऱ्यांच्या खुर्च्या वाजल्या तरी काही बिघडू नये म्हणून. म्हणजे हलक्या खेळालाही काम असायचं. तिच्या किरकोळ गाण्यांचं तसंच आहे. एका जळजळीत गाण्यानंतर दोन मिनिटं काहीतरी फुटकळ वाजतं, आपण हसतो, आणि पुढचं गाणं बेसावध गाठतं. सात गाणी काढली असती तर अल्बम नेटका झाला असता, पण हे बेसावध गाठणं गेलं असतं. मला तिचं पटतं. अर्थात तिच्याइतकी किंमत मला मोजावी लागलेली नाही. मोठ्या कंपनीची जाहिरात आणि दुकानांपर्यंतची पोच हातची जाणं ही नव्या गायिकेसाठी लहान गोष्ट नाही.

त्याच वर्षी ती ब्रॉडवेवर ब्रेश्टच्या ‘थ्रीपेनी ऑपेरा’त पॉली झाली आणि तिला थिएटर वर्ल्ड अवॉर्ड मिळालं. हेच नाटक पु. लं.नी मराठीत ‘तीन पैशाचा तमाशा’ म्हणून आणलं होतं. त्या प्रयोगात जेनी होती सिंडी लॉपर, जी ‘प्रिटी लिटल हेड’मध्येही तिच्याबरोबर गायली आहे. गोड चाल आणि कडू मजकूर ही ब्रेश्ट-वाइल यांची जुनी युक्ती, त्यामुळे नेलीला पॉली परकी वाटली असेल असं मला वाटत नाही.

पुढचा प्रवास सरळ नाही. २००९ मध्ये डोरिस डेच्या गाण्यांचा अल्बम, तोही व्हर्व्ह या मोठ्या लेबलवर. म्हणजे स्वतंत्र राहणं हे तिने काही व्रत केलं नव्हतं. मग गॅस चेंबरमध्ये देहदंड झालेली बार्बरा ग्रॅहम, पर्यावरणलेखिका रेचेल कार्सन अशा बायकांवर छोटे सांगीतिक प्रयोग. २०१३ मध्ये बिल अर्विन आणि डेव्हिड शायनर या विदूषकांच्या ‘ओल्ड हॅट्स’मध्ये तिच्या बँडची गाणी होती. दोघे मूकाभिनय करणारे, मध्ये मध्ये ही गाणार. व्होडव्हिलच की! स्वतःच्या गाण्यांचा नवा अल्बम यायला मात्र २०१० नंतर थेट २०२३ उजाडलं. नाव ‘हे गाईज, वॉच धिस’. ज्यांना ऐकायचंय त्यांनी पहिल्या अल्बमपासून सुरुवात करावी, आणि गाण्यांचा क्रम न बदलता.