कापूर, मिरे आणि झाकण

प्रश्न : देव्हाऱ्यातल्या डबीतला कापूर न जाळताच कमी होत जातो. त्यात पाच-सहा मिरे टाकून ठेवले की तो उडत नाही, असे आमच्या सासूबाई सांगतात. हे खरे का? आणि बर्फासारखे आधी पाणी न होता कापूर थेट हवेत कसा जातो?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : सासूबाईंची माफी मागून सांगतो, मिऱ्यांचा काही उपयोग नाही. राखण करते ते झाकण. आमच्याही घरी कापरात मिरे असायचे आणि तो टिकायचाही. पण मिरे टाकणारे हात डबीचे झाकणही घट्ट लावायचे, आणि श्रेय मात्र मिऱ्यांना जायचे.

कापूर उडतो म्हणजे काय होते ते आधी पाहू. स्थायू पदार्थात रेणूंनी एकमेकांना धरून ठेवलेले असते, पण ते स्वस्थ बसलेले नसतात, सारखे थरथरत असतात. आत दडलेल्या रेणूला चहूकडून शेजारी असतात. अगदी वरच्या थरातल्याला खालून आणि बाजूने धरणारे असतात, वरून कोणीच नसते. एखाद्याला शेजाऱ्यांचा धक्का जरा जोरात बसला की तो सुटतो आणि हवेत जातो. तो नाकात शिरला की आपण म्हणतो, कापराचा वास येतोय. म्हणजे वास येतो आहे तोवर कापूर कमी होतोच आहे. दोरीवरचे ओले लुगडे वाळते तेव्हा पाणी काही १०० अंशांना उकळत नसते. तिथेही वरचे रेणू असेच एकेक करून निघून जातात. फ्रिजरमधल्या ट्रेत महिनोन्‌महिने विसरलेले बर्फाचे खडे झिजून लहान होतात, तेही पाणी न होताच. या थेट जाण्याला शाळेच्या पुस्तकात संप्लवन म्हणतात.

मग मीठ का उडत नाही? तिथे विद्युतभारित कणांची एकमेकांवरची पकड फार घट्ट आहे. कापराचा रेणू विद्युतभारित नाही, शिवाय जवळजवळ चेंडूसारखा गोल आहे. विटा एकमेकींना सपाट टेकतात, संत्री जेमतेम ठिपक्याएवढी. हे गोल रेणू स्थायू अवस्थेतच जागच्या जागी गिरक्या घेत असतात. त्यामुळे कापराचा खडा कधी खलबत्त्यात घातलात तर तो खडीसाखरेसारखा फुटत नाही, दबतो आणि बत्त्याला चिकटतो. जुने औषधवाले त्यावर स्पिरिटचे दोन थेंब टाकत, मग त्याची सरळ भुकटी होई.

कापूर वितळतच नाही, हा समज मात्र सोडून द्या. तो सुमारे १७५ अंश सेल्सिअसला वितळतो आणि २०८च्या आसपास उकळतो. पाण्याला द्रव म्हणून राहायला १०० अंशांची ऐसपैस जागा आहे, कापराला तीसेक अंशांची. आरती चालू असताना ज्योतीच्या बुडाशी वाकून पाहा. खड्याखाली चकचकीत ओल दिसेल. मध्येच फुंकर घातलीत तर तिथे पांढरी साय धरते. तो वितळून पुन्हा गोठलेला कापूर.

आता डबी. बंद डबीत रेणू सुटतात, तसे हवेतले परतही येऊन बसतात. थोड्याच वेळात जाणाऱ्यांची आणि येणाऱ्यांची संख्या सारखी होते आणि कापूर घटायचा थांबतो. वाटीएवढ्या डबीतली हवा अशी भरून जायला मिलिग्रॅमभर कापूरही लागत नाही. म्हणजे झाकण खरोखर घट्ट असेल तर दर वेळी डबी उघडताना जातो तो एवढाच. झाकण सैल असेल तर हिशेब संपत नाही, कारण गेलेला परत येत नाही. काचेची बरणी उन्हाच्या कवडशात राहिली तर सावलीकडच्या थंड काचेवर आतून कापराचे बारीक स्फटिक चमकताना दिसतील. वायूचा थेट स्थायू झालेला तो. पातळ प्लास्टिकची पिशवी मात्र बिनकामाची. कापराची वाफ तिच्यातून आरपार जाते, म्हणूनच बांधलेल्या पुडीलाही वास येतो.

पटत नसेल तर दोन सारख्या घट्ट डब्या घ्या, दोन्हींत मोजून तेवढाच कापूर ठेवा, मिरे एकीतच टाका. तिसरी डबी अर्धवट उघडी ठेवा. महिन्याने सोनाराकडच्या काट्यावर तिन्हींतला कापूर तोला.

प्रश्न : कल्हईवाला नवसागर टाकतो तेव्हा पांढरा धूर उठतो. तेही संप्लवनच ना?
— एक विद्यार्थिनी, सांगली

उत्तर : परीक्षेत ‘हो’ लिही, गुण मिळतील. खरी गोष्ट जरा वेगळी आहे. कापूर उडाला तरी हवेत कापूरच असतो. नवसागर तापला की त्याचे अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड असे दोन वायू होतात. वर गार हवेत ते पुन्हा जुळतात आणि नवसागराची बारीक भुकटी तयार होते. तुला दिसतो तो धूर म्हणजे ही स्थायू भुकटीच. अवस्था बदलली खरी, पण मधल्या वाटेत पदार्थही बदलून गेला. त्यातला आम्लधर्मी वायू भांड्यावरचा काळा थर खातो आणि कथील स्वच्छ तांब्या-पितळेला धरते. कल्हईवाल्याला हवे असते ते एवढेच.

प्रश्न : ओव्याचे फूल, पुदिन्याचे फूल आणि कापूर हे तिन्ही कोरडे. एका बाटलीत घालून ठेवले की थेंबभर पाणी न घालता त्यांचे पातळ औषध होते. हे कसे?
— एक वाचक, नगर

उत्तर : ओव्याचे फूल, म्हणजे थायमॉल, ५० अंशांच्या आसपास वितळते. पुदिन्याचे फूल, म्हणजे मेंथॉल, ४२च्या आसपास. कापराचा आकडा वर दिलाच आहे. तिघेही एकेकटे असताना आपापल्या रांगेत नीट बसतात. एकत्र आले की प्रत्येकाच्या रांगेत दुसऱ्याच आकाराचे रेणू घुसतात. थायमॉल आणि मेंथॉल तर कापराच्या रेणूला धरूनही ठेवतात. रांग लागायची तर आणखी गारवा हवा. मिश्रणाचा वितळण्याचा आकडा घरातल्या तापमानाच्याही खाली उतरतो आणि बाटलीत पातळ अमृतधारा तयार.

हाताने फिरवायच्या आइस्क्रीमच्या पॉटात हेच होते. बर्फावर जाडे मीठ टाकले की शून्य अंशाखालीही बर्फ वितळू लागतो. एक ग्रॅम बर्फ वितळायला ८० कॅलरी उष्णता लागते, ती तो मधल्या डब्यातल्या दुधातून ओढून घेतो. मीठ नीट पडले तर पारा उणे २१ अंशांपर्यंत उतरू शकतो. नुसत्या बर्फात दूध कितीही फिरवा, हात दुखतील, आइस्क्रीम होणार नाही.

आता एक विनंती. कापूर खडीसाखरेसारखा दिसतो आणि पोटात गेला तर लहान मुलांना झटके येऊ शकतात. अमृतधारेतही तोच कापूर आहे. देव्हारा हाताला येईल इतका खाली असेल तर दोन्ही वरच्या फळीवर ठेवा. मुलाने गिळलेच तर घरगुती उपाय करत न बसता तडक दवाखाना गाठा.